तळं कोसळणार हे आधी कसं ओळखायचं: एक स्प्रेडशीट आणि दहा मासे

एखादी यंत्रणा कोसळली की सगळे शेवटचा धक्का शोधत बसतात. मी वर्गात उलटं करायला लावते: छोटासा धक्का आपणच द्यायचा आणि सावरायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

स्प्रेडशीट उघडा. तळ्यात १००० मासे मावतात, वाढीचा दर ०.४. पुढच्या वर्षीचे मासे म्हणजे आत्ताचे मासे, अधिक ०.४ × मासे × (१ − मासे ÷ १०००), वजा वर्षाची पकड. १००० पासून सुरुवात करून सूत्र खाली ओढत न्या. पकड ७५ असेल तर तळं ७५० वर स्थिरावतं, ९६ ला ६०० वर, ९९ ला ५५० वर. तिन्ही ठणठणीत दिसतात.

आता प्रत्येकातून दहाच मासे कमी करा. ७५ च्या पकडीत ही तूट चौथ्या वर्षी निम्म्याखाली येते, ९६ ला नवव्या आणि ९९ ला थेट एकोणिसाव्या वर्षी. शेवटच्या दोहोंत फरक फक्त तीन माशांचा! हा रकाना मी कितीदा तरी भरलाय, तरी त्या एकोणीसपाशी दर वेळी थबकते.

मग पकड १०१ करा. वाढ जास्तीत जास्त १००, तीही ५०० मासे असताना. म्हणजे तिथे वर्षाला एकच मासा घटतो. वर्षानुवर्षं काही बिघडलंय असं वाटतच नाही. ३०० वर मात्र घट १७, २०० वर ३७. ४०० वर जाग येऊन पकड ९९ वर आणली तरी उपयोग नाही, कारण तिथे वाढच ९६ आहे.

खऱ्या नोंदींत धक्का देता येत नाही, तेव्हा नैसर्गिक चढउतार वापरा. आधी दीर्घकालीन कल वजा करा. तो राहिला तर खोटा इशारा मिळतो. मग सरकत्या खिडकीत, म्हणजे ठरावीक नोंदींचा गट एकेक पाऊल पुढे नेत, लागोपाठच्या नोंदींमधला सहसंबंध काढा. सावरणं मंदावलं की प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीसारखीच राहते आणि हा आकडा वाढतो. आपल्या तळ्यात तो साधारण ०.८, ०.९२, ०.९६ असा १ कडे सरकेल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या पीटर लेक या तळ्यात संशोधकांनी मुद्दाम शिकारी बास मासे थोडेथोडे सोडले. अन्नजाळ्यातला बदल पूर्ण होण्याच्या वर्षभराहून आधी असेच इशारे दिसले, हे २०११ साली प्रसिद्ध झालं.

बाहेरून एकाएकी मोठा घाव बसला तर मात्र आधी सावरण्यातली अशी सुस्ती दिसत नाही. तिथे या आकड्यावर विसंबू नका.