बिअर बनवताना शब्दांच्या या चुका टाळा

“आंबणे संपले” असे कोणी सांगितले की मी पहिल्यांदा ग्रॅव्हिटी विचारतो, आणि उत्तर बहुधा बुडबुड्यांचे येते. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता. पाण्याची १.००० धरली, तर वॉर्टची, म्हणजे माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) काढलेल्या न आंबलेल्या गोड द्रवाची, १.०५० च्या आसपास असते आणि यीस्ट साखर खाईल तसा हा आकडा उतरतो. एअरलॉकमधील (भांड्यातील वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेतील) बुडबुडे फक्त वायू बाहेर पडत असल्याचे दाखवतात. झाकण सैल असेल तर आंबणे जोरात चालू असतानाही ते दिसत नाहीत, आणि खोली तापली तर आंबणे संपल्यावरही दिसतात.

ही चूक मीही केली आहे. सहाव्या दिवशी एअरलॉक शांत झालेला पाहून मी मोजमाप न करता फेसापुरती साखर घालून २० बाटल्या भरल्या. गारठ्यामुळे यीस्ट केवळ मंदावले होते. ऊब मिळताच त्याने वॉर्टमधली उरलेली साखरही बंद बाटलीत खाल्ली आणि अकराव्या दिवशी पहिली बाटली फुटली. काचेचे तुकडे समोरच्या भिंतीपर्यंत उडाले होते. तेथे कोणी उभे नव्हते, हे नशीब. तेव्हापासून तीन दिवस लागोपाठ तोच आकडा आल्याशिवाय मी बाटली भरत नाही. नमुना ढवळून त्यातील वायू आधी घालवावा, नाहीतर घनता मोजणाऱ्या तरंगत्या हायड्रोमीटरला बुडबुडे चिकटून तो वर उचलला जातो आणि आकडा चुकतो. पाकिटावर छापलेल्या दिवसांवर विसंबणाऱ्या उतावळ्या माणसाने निदान एवढे तरी करावे.

अल्कोहोलही याच आकड्यांवरून निघते: १.०५० वरून १.०१० पर्यंत उतरल्यास फरक ०.०४०, त्याला १३१.२५ ने गुणले की सुमारे ५.२५ टक्के. शेवटचा आकडा १.००० वर आला नाही म्हणून जास्तीचे यीस्ट घालणे चूक आहे, कारण माल्टमधील काही शर्करा यीस्टला पचतच नाहीत.

एल आणि लागर या बिअरच्या दोन प्रकारांतील फरक रंगाचा नाही, यीस्टचा आणि तापमानाचा आहे: एल साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबते, लागर ८ ते १३ अंशांना. जर्मनीची गडद डुंकेल ही लागरच आहे.

आयबीयू हे हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) कडवटपणाचे माप असले, तरी माल्टचा गोडवा जास्त असेल तर तोच आकडा जिभेला सौम्य लागतो.

धुणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. भांड्याला मळ चिकटलेला असेल तर निर्जंतुक करणारे द्रावण त्याखाली पोहोचत नाही, म्हणून आधी घासावे आणि मगच द्रावण वापरावे.