तालमीत कॅमेरा नेताना: कुस्तीवरचा माहितीपट करणाऱ्या नवख्यांसाठी

कुस्तीवर टीव्हीसाठी माहितीपट करायचा म्हटलं की नवखं युनिट आधी मैदान गाठतं. हलगी, गर्दी, शड्डू, चितपट, सगळं दोन दिवसांत भरपूर मिळतं. एडिटिंगला बसल्यावर लक्षात येतं की पैलवान घडतो कसा, हे एकाही शॉटमध्ये नाही. ते तालमीत दिसतं. कोल्हापुरात दहा दिवस काम असेल तर त्यातले सात तालमीला द्या. मैदानाला एक पुरतो.

पहिले दोन दिवस कॅमेरा नेऊच नका. वस्तादांची परवानगी घ्या, पहाटे पोरं उठायच्या आत पोचा आणि भिंतीला टेकून नुसतं बघा. चपला दाराबाहेर काढायच्या, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. कोण कुणाशी लढतो, वस्ताद कुठल्या बाजूला बसतात, उजेड कुठून येतो, हे वहीत टिपून ठेवा. युनिटमध्ये महिला असतील तर आदल्या भेटीतच स्पष्ट विचारा. काही जुन्या तालमींत बायकांना हौद्याजवळ येऊ देत नाहीत. आयत्या वेळी दारात अडवलं तर त्या सहकारीणीचा अपमान होतो आणि पहाटही हातची जाते.

तालमीत राहणारी बरीच पोरं अठराच्या आतली असतात आणि त्यांचे आईवडील गावाकडे. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं करा आणि पालकांच्या सहीसाठी आठवडाभर आधी पाठवा. वस्तादांचा होकार म्हणजे पालकांची संमती नव्हे. लंगोट बांधतानाचं चित्रण तर कुणाचंच करायचं नाही.

आता उजेड. बहुतेक तालमींत दोन-तीन ट्यूबलाइट आणि एखादा झरोका एवढंच असतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. सेकंदाला 25 फ्रेम घेत असाल तर शटर 1/50 सेकंद ठेवा, 50 फ्रेमला 1/100. स्लो मोशन हवंच असेल तर 100 फ्रेमवर थांबा आणि शटर 1/100 ठेवा. 120 फ्रेमला गेलात की पडद्यावर उजेड खालीवर होतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. आपले दिवे लावायचे तर हौद्याबाहेर, उंचावर, वायर भिंतीकडेने चिकटवून. आणखी एक: लॉजच्या एसी खोलीतून कॅमेरा थेट घामाने दमट झालेल्या तालमीत नेला की लेन्सवर वाफ धरते. बॅग न उघडता अर्धा तास तशीच ठेवा. लेन्स आत बदलू नका, तांबडी धूळ सेन्सरवर बसते.

मातीला मात्र मनापासून वेळ द्या. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, काव कालवतात. पोरं ती रोज फावड्याने उकरतात आणि ते उकरणंही मेहनतच असते. माती दडपली तर पाठीवर पडणाऱ्याला मार लागतो, फार कोरडी झाली तर कातडी सोलते. हे कारण प्रेक्षकाला कळलं, तर फावड्याचा एक मिनिटाचा शॉट तो चुळबूळ न करता बघतो. जोर, बैठका, सपाट्यांचंही तसंच. पाच सेकंदांचे तुकडे जोडू नका. एकाच पोराचे सलग पन्नास जोर घ्या, शेवटच्या दहात त्याचे दंड थरथरतात. मेहनत म्हणजे काय ते तिथे दिसतं.

डाव दाखवणं सगळ्यात अवघड. धोबीपछाड घ्या. समोरच्याचा हात पकडून आपल्या खांद्यावरून ओढायचा, पाय फिरवून पाठ त्याला द्यायची, गुडघ्यात वाकून कंबर त्याच्या कमरेखाली घालायची आणि धोब्याने कपडा आपटावा तसं पुढे टाकायचं. नवखे कॅमेरावाले चेहऱ्यावर झूम करतात आणि डावाचा जीव असलेलं पावलांचं फिरणं फ्रेमबाहेर राहतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, जोडीच्या बरोबर बाजूला ठेवा. टाचेपासून डोक्यापर्यंत दोघेही फ्रेममध्ये हवेत. आधी एकदा संथपणे, मग दोनदा खऱ्या वेगात, शेवटी पकड आणि पावलं जवळून. हे अंग तापल्यावर पण दमण्याआधी, ताज्या उकरलेल्या मातीत घ्यायचं. चार-पाच वेळांपेक्षा जास्त कुणाला आपटायला लावू नका. आणि दोघांचे जांघिये वेगळ्या रंगाचे हवेत, नाहीतर माती अंगाला लागल्यावर कोण कुठला ते कळत नाही.

कुस्तीबरोबर दांडपट्ट्याचा खेळही चित्रित करायचा असेल तर वेगळी अडचण. त्याची मूठ कोपराच्या दिशेने हात झाकते, मनगट वळत नाही, म्हणून अख्खं अंग फिरतं. पूर्ण देह फ्रेममध्ये नसेल तर खेळ कळतच नाही. पातं मुळात लवचिक असतं. सेन्सर मंद वाचणारा कॅमेरा ते आणखी वाकडं दाखवतो आणि खरं लवणं कुठलं, कॅमेऱ्याची चूक कुठली हे उरत नाही. या कामाला ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खी फ्रेम एकदम टिपणारा, कॅमेरा भाड्याने घ्या.

आवाजासाठी कॉलर माइक फक्त वस्तादांना, बंडीच्या आत. लंगोटावरच्या पैलवानाला तो लावताच येत नाही. त्याच्यासाठी काठीवरचा शॉटगन माइक. शड्डूचा आवाज बंदुकीसारखा फुटतो, म्हणून पातळी -18 डेसिबलच्या आसपास ठेवा, लिमिटर (मोठा आवाज फाटू न देणारी सोय) चालू. सगळे गेल्यावर रिकाम्या तालमीचा अर्धा मिनिट आवाज घ्यायला विसरू नका.

मैदानावर दोन कॅमेरे हवेत, एक उंचावर, एक आखाड्याच्या कडेला. मातीतली कुस्ती अर्ध्या मिनिटात निकाली होते किंवा अर्धा तास चालते. सलामी झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. मॅटवर तसं नाही, तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण. हा फरक निवेदनात सांगावाच लागतो. खाशाबा जाधव 1948 च्या ऑलिंपिकमध्ये लंडनला सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. मातीत घडलेल्या मल्लाला मॅट आत्मसात करावी लागते, हे त्यांच्या उदाहरणाने चटकन समजतं.

संहितेत ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं मोघम लिहू नका. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोद हे कुस्तीवरचं प्रकरण आहे, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 चं आहे, एवढं ठोस असताना मोघम कशाला? पैलवानांची नावं मैदानाच्या पत्रकावरून उतरवा आणि तालमीत जाऊन पुन्हा विचारा, पत्रकातही चुका असतात. डावांची नावं गावागणिक बदलतात. म्हणून फायनल कट बांधण्याआधी लॅपटॉप घेऊन वस्तादांकडे जा, प्रत्येक डावाची पट्टी त्यांना दाखवा आणि ते सांगतील तेच नाव लिहा. या फेरीसाठी बजेटमध्ये एक दिवस सुरुवातीलाच धरून ठेवा.