पीएच बघून सीओटू चालू-बंद करायचा असेल तर

प्लांटेड टँकमध्ये (जिवंत झाडं लावलेल्या माशांच्या टाकीत) सीओटू, म्हणजे झाडांसाठी सिलिंडरमधून सोडायचा कार्बन डायऑक्साइड, नुसत्या टायमरवर पण चालतो, पण सिलिंडर रिकामा होत आला की प्रेशर बदलतं, बबल काउंट (सेकंदाला किती बुडबुडे सुटतात तो आकडा) हलतो, आणि आपण ऑफिसमध्ये असतो. सीओटू पाण्यात विरघळला की कार्बोनिक अ‍ॅसिड होतं आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा) खाली येतो, म्हणून पीएच बघून सोलेनॉइड (विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह) उघडायचा-बंद करायचा, एवढंच हे ऑटोमेशन आहे.

पण आधी केएच (पाण्याचा कार्बोनेट कडकपणा, डिग्रीत) मोजा, प्लीज. ड्रॉप टेस्ट किट मिळतं, पाच मिनिटांचं काम आहे. पाण्यातला सीओटू ढोबळमानाने ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) इतकावा घात, म्हणजे केएच ४ असेल आणि पीएच ६.६, तर साधारण ३० पीपीएम, झाडांना भरपूर आणि माशांना सहन होईल इतका. हा ६.६ म्हणजे तुमचा सेट पॉइंट, कंट्रोलरने पीएच जिथे धरून ठेवायचा तो आकडा.

केएचवर एवढा जोर का देतोय सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले, मी नेहमीसारखं निम्मं पाणी बदललं, आठवड्याने परत बदललं, आणि केएच ४ वरून ८ वर गेला ते मी मोजलंच नाही. कंट्रोलर बिचारा ६.६ येईपर्यंत गॅस सोडत राहिला, म्हणजे पाण्यात ६० पीपीएमच्या आसपास. दुपारी येऊन बघतो तर निऑन टेट्रा सगळे वर येऊन तोंड उघडून धापा टाकतायत. गॅस बंद केला, एअर स्टोन टाकला, तरी चार गेले. मशीनने सांगितलं तेच केलं होतं, आकडा माझा चुकीचा होता. त्यामुळे पाण्याचा सोर्स बदलला, बोअरचं आलं, टँकरचं आलं, की आधी केएच, मग सेट पॉइंट.

आता जोडणी. तयार पीएच कंट्रोलर घेतलात तर सोलेनॉइडचा प्लग त्यात घातला की झालं. स्वतः करायचं असेल तर आर्डुइनो युनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), बीएनसी सॉकेटवालं पीएच मॉड्यूल, प्रोब (पाण्यात बुडवायचा पीएच सेन्सर), एक रिले (बोर्डने चालवायचा स्विच) आणि १२ व्होल्टचा सोलेनॉइड. सोलेनॉइड नॉर्मली क्लोज्डच घ्या, लाइट गेली की गॅस आपोआप बंद झाला पाहिजे. त्याच्या दोन टोकांवर उलटा डायोड टाका, नाहीतर बंद होताना जो झटका येतो त्याने रीडिंग उड्या मारतं.

प्रोब पीएच ७ आणि ४ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) कॅलिब्रेट करायचा, आधी ७, मग मध्ये साध्या पाण्याने धुऊन टिश्यूने नुसतं टिपून घ्यायचं (घासायचं नाही, काचेचं टोक नाजूक असतं), मग ४. महिन्यातून एकदा तरी हे करा, प्रोब हळूहळू सरकतोच. टँकमध्ये तो डिफ्यूझरपासून (गॅसचे बारीक बुडबुडे सोडणारा भाग) लांब पण पाणी फिरतंय अशा जागी लावा, बुडबुडे थेट टोकावर आले तर आकडा खोटा. काढून ठेवाल तेव्हा टोपीत केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) सोल्युशन, आरओचं पाणी अजिबात नको.

कोडमध्ये एकाच आकड्यावर चालू-बंद करू नका, रिले टकटक करत बसेल. ६.७ च्या वर गेला की चालू, ६.६ ला आला की बंद. वीस रीडिंगची सरासरी घ्या. पीएच ५.५ च्या खाली किंवा ८ च्या वर दिसला तर प्रोब बिघडलाय असं धरून गॅस बंद. आणि टायमर काढायचा नाहीच, लाइट लागायच्या तासभर आधी सुरू, लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद, रात्री झाडं सीओटू घेत नाहीत. जमलं तर दुसऱ्या रिलेवर एअर पंप, पीएच ६.४ च्या खाली गेला की तो चालू.

पहिले दोन-तीन दिवस सुट्टीच्या दिवशी चालवून बघा, घरी असताना. ४ केएचचं सोल्युशन भरलेला ड्रॉप चेकर (रंगावरून सीओटू दाखवणारी छोटी कुपी) आत लटकवा, निळा म्हणजे कमी, हिरवा बरोबर, पिवळा झाला तर बंद करा. तो रंग दीड-दोन तास मागे असतो, त्यामुळे रंगाच्या आधी मासे बघा.