नव्या इंडी संगीताची शिफारस कशी करावी

‘हे ऐक, भारी आहे’ एवढ्या चार शब्दांसह पाठवलेले गाणे बहुधा ऐकले जात नाही, आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नसतो. दिवसभरात त्याच्या मोबाइलवर कापसाचे भाव, लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी नातवाचे व्हिडिओ येऊन पडलेले असतात; त्या गर्दीत अनोळखी बँडसाठी चार मिनिटे का काढावीत, याचे कारण आपण दिलेलेच नसते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत इंडी बँडचे कार्यक्रम क्वचितच होतात. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला जे संगीत समोर उभे राहून ऐकता येते, ते आपल्यापर्यंत बहुतेक वेळा कुणाच्या तरी सांगण्यावरूनच पोहोचते. गेली काही वर्षे मी ओळखीच्या वीस-बावीस जणांना दर महिन्याला दोन-तीन नवी ध्वनिमुद्रणे सुचवत आलो आहे. त्यात चुकत चुकत जी रीत बसली, ती येथे मांडतो.

सुरुवात शब्दांपासून करावी लागते, कारण ‘इंडी’ आणि ‘ऑल्टरनेटिव्ह’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्यातून शिफारस करणाराच फसतो. इंडी (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) हा मुळात व्यवहाराचा शब्द आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने मित्र आणि नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन जानेवारी 1977मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाताही तबकडी निघू शकते, हे त्यामुळे इतरांना दिसले. ब्रिटनमध्ये 1980 साली इंडी गाण्यांची वेगळी क्रमवारी सुरू झाली, तेव्हा तिच्यात शिरण्याची अट वितरण मोठ्या कंपनीकडून झालेले नसावे अशी होती. गाणे कसे वाजते याच्याशी त्या अटीचा संबंध नव्हता. ऑल्टरनेटिव्ह हा शब्द मात्र अमेरिकेतील कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांभोवती 1980च्या दशकात रुळला आणि तो प्रामुख्याने वाजण्याच्या ढंगाकडे बोट दाखवतो. म्हणजे एखादे ध्वनिमुद्रण इंडी असूनही अगदी सरळसाधे प्रेमगीत असू शकते, आणि एखादे खडबडीत ऑल्टरनेटिव्ह गाणे जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने काढलेले असू शकते. संगीताच्या बहुतेक ॲपवर अल्बमच्या तळाशी वर्तुळातील ‘पी’ या चिन्हापुढे ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाचे नाव असते. ती ओळ वाचल्याशिवाय ‘स्वतंत्र’ हा शब्द लिहू नये.

याच कसोटीने पाहिले, तर धुळे, शिरपूर, नंदुरबार या भागांत स्वतःच्या खिशातून पैसे घालून, ओळखीच्या स्टुडिओत गाऊन आणि ओळखीच्याच शेतात चित्रीकरण करून यूट्यूबवर येणारी अहिराणी गाणी व्यवहाराने अस्सल इंडी ठरतात. त्यांतली पुष्कळशी लग्नाच्या वरातीसाठीच बांधलेली असतात आणि एकसारखी वाटतात, हे मान्य आहे. परंतु लंडनहून येणारी पुष्कळशी गिटारगाणीही एकसारखीच वाटतात. माझ्या यादीत वर्षातून दोन-चार अहिराणी गाणी असतात, आणि त्यांना मी तीच चाळणी लावतो जी परदेशी अल्बमला लावतो. आपल्याकडचे म्हणून सवलत द्यायची नाही आणि आपल्याकडचे म्हणून नाकही मुरडायचे नाही, एवढे पथ्य पुरते.

नवे संगीत शोधण्यासाठी शुक्रवार हा दिवस धरावा. 10 जुलै 2015पासून जगभर नवी ध्वनिमुद्रणे शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला आहे; त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी ती येत असत. स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ ही यादीही शुक्रवारीच बदलते, पण ती आपण आधी ऐकलेल्याच्या आसपास घोटाळत राहते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. त्यापेक्षा लहान लेबलांच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणे काढणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या, मागावर राहावे. वर्षाला आठ-दहाच ध्वनिमुद्रणे काढणारे लेबल म्हणजे कुणा एकाची आवड असते. ती आपल्याशी जुळली की पुढचे अनोळखी नावही डोळे झाकून ऐकून पाहता येते. दुसरा मार्ग श्रेयनामावलीचा. आवडलेल्या अल्बमचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचा मेळ, कुणी केले, पाहुणा वादक कोण होता, ही नावे वहीत उतरवून ठेवावीत आणि ती आणखी कुठे आढळतात ते पाहावे. माझ्या वहीत बँडचे नाव, शहर, लेबल, प्रसिद्धीची तारीख, एकूण लांबी आणि मी ते पहिल्यांदा कुठे ऐकले, एवढे रकाने आहेत. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी पडतो, कारण जळगाव-धुळे बसच्या खिडकीशी बसून आवडलेले संगीत घरी टेबलाशी बसून आवडेलच असे नाही.

ऐकणे तीन वेळा व्हावे. पहिल्यांदा बँडविषयी काहीही न वाचता, सलग आणि क्रम न बदलता ऐकावे. दुसऱ्यांदा, शक्यतो एक दिवस मध्ये जाऊ देऊन, हेडफोनवर ऐकावे. तिसऱ्यांदा मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर ऐकावे, कारण ज्यांना आपण ते पाठवणार आहोत त्यांतले निम्मे तसेच ऐकणार असतात आणि लहान स्पीकरमध्ये खर्जात वाजणारी बास गिटार जवळजवळ नाहीशी होते. दोन गाण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. किंचित मोठे वाजणारे गाणे कानाला उगीचच सरस वाटते. जिनिंगमधला जाणता माणूस सरकीवरचा कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहतो आणि मगच भाव बोलतो. ढिगाऱ्याच्या पांढरेपणावर तो जात नाही. महिन्याला तीस ध्वनिमुद्रणे ऐकली तर पाठवण्याजोगी तीन निघतात, आणि कधी एकही निघत नाही. अशा महिन्यात काहीच पाठवू नये.

आता लिहिण्याकडे येऊ, कारण बहुतेक शिफारशी येथेच वाया जातात. ‘स्वप्नवत’, ‘तरल’, ‘मनाचा ठाव घेणारे’ हे शब्द हजार गाण्यांना लागू पडतात, म्हणून ते एकाही गाण्याविषयी काही सांगत नाहीत. त्यांच्या जागी कानाला प्रत्यक्ष काय ऐकू येते ते लिहावे. उदाहरणार्थ: ‘पहिले सव्वा मिनिट फक्त बास गिटार आणि ब्रशने हलके घासलेला ड्रम आहे, मग गायिका माइकच्या अगदी जवळ येऊन, जवळजवळ कुजबुजत गाते, अडीच मिनिटांनंतर गिटारचा आवाज इतका फुगतो की शब्द त्यात बुडून जातात, आणि ते मुद्दाम केलेले आहे.’ यातले शेवटचे चार शब्द फार महत्त्वाचे आहेत. फाटलेला गिटारचा आवाज, टेपची खरखर, मागे ढकललेला गळा या गोष्टी ज्याने पूर्वी ऐकलेल्या नसतात, त्याला आपला स्पीकर बिघडला असेच वाटते. प्रकारांची नावेही उलगडून सांगावीत. ‘शूगेझ’ म्हटल्याने काही कळत नाही. गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाशी ठेवलेल्या पेडलांकडे पाहत वाजवणाऱ्या वादकांवरून हे नाव पडले आणि त्या पेडलांमुळेच गिटारची भिंत उभी राहते, असे सांगितले की नाव आणि आवाज दोन्ही लक्षात राहतात.

तुलना करायची तर ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून असलेल्या आवाजाशी करावी. एका परदेशी बँडची ओळख दुसऱ्या परदेशी बँडच्या नावाने करून देणे म्हणजे बामणोदचे वांगे कसे लागते हे सांगताना कधी न पाहिलेल्या दुसऱ्या वांग्याचे नाव घेण्यासारखे आहे. आपल्याकडे या बाबतीत भांडवल भरपूर आहे. कानबाई या खानदेशातील देवीच्या जागरणाच्या रात्री बायकांच्या तोंडून तीच चाल पहाटेपर्यंत जिने ऐकली आहे, तिला नऊ मिनिटे एकाच तालावर चालणारे गाणे समजावून सांगावे लागत नाही. ती पुनरावृत्ती कशासाठी असते हे तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. नंदुरबारकडच्या डोंगरात ज्याने पावरी हे आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य ऐकले आहे, त्याला न तुटणाऱ्या एका सुरावर उभे असलेले संगीत परके वाटण्याचे कारण नाही. भाषेची अडचणही आपण समजतो तितकी मोठी नसते. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडच्या 2000 साली आलेल्या ‘कंदिसा’मधील शीर्षकगीत अरामी भाषेतील प्रार्थना आहे, आणि ते गुणगुणणाऱ्यांपैकी ती भाषा जाणणारे फारसे नसतील.

सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी, एकूण किती मिनिटे लागतील, शिव्या किंवा घरात मोठ्याने लावता येणार नाही असे काही आहे का, आणि शब्द कोणत्या भाषेत आहेत, एवढी माहिती प्रत्येक शिफारशीत असावी. सगळे मिळून पाच-सहा वाक्यांच्या पुढे जाऊ नये. काय आवडले नाही तेही एका वाक्यात लिहावे. ‘चौथे आणि पाचवे गाणे सोडून दिले तरी चालेल’ असे लिहिल्यापासून माझ्या बाकीच्या शब्दांवर लोकांचा विश्वास वाढला आहे. बँडमधला कुणी ओळखीचा असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे.

पैशांविषयी लिहिताना अनेकांना संकोच वाटतो, परंतु लहान बँडच्या बाबतीत तो सोडला पाहिजे. स्पॉटिफायवर गाणे निदान 30 सेकंद वाजले तरच ते ऐकले असे मोजले जाते, आणि 2024पासून मागच्या बारा महिन्यांत ज्या गाण्याची 1000 आवर्तने झालेली नाहीत त्याच्या मालकाला तेथून मानधन मिळत नाही. आमच्या वीस जणांनी एक गाणे वर्षभरात पन्नास-पन्नास वेळा ऐकले, तर कुठे तो आकडा गाठला जातो. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर तेच गाणे विकत घेतले, तर डिजिटल विक्रीवर ती कंपनी 15 टक्के ठेवते आणि पैसे भरण्याचा खर्च वजा जाता बाकीची रक्कम बँडकडे जाते. मार्च 2020पासून ठरावीक शुक्रवारी ती आपला वाटाही सोडते. म्हणून ऐकण्याच्या दुव्यासोबत विकत घेण्याचा दुवा द्यावा आणि किंमत रुपयांत लिहावी. आग्रह करू नये.

पाठवल्यानंतर ‘ऐकलंस का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हो, छान आहे’ असेच येते. ‘कुठे बंद केलंस?’ असे विचारावे. रावेरहून केळीचा पिकअप घेऊन जाणाऱ्या माझ्या एका मित्राला मी एकदा चाळीस मिनिटांचा अतिशय हळू आवाजातला अल्बम पाठवला होता आणि बरोबर लिहिले होते की रात्रीच्या प्रवासात ऐक. डिझेल इंजिनाच्या आवाजात त्याला पहिली दोन मिनिटे काहीच ऐकू आले नाही. फाइल खराब आली आहे असे समजून त्याने ती काढून टाकली आणि मला तसे कळवलेही. चूक माझी होती, कारण मी संगीताचा विचार केला होता आणि गाडीचा केला नव्हता. त्याला आता मी जे पाठवतो त्यात ड्रम पहिल्या दहा सेकंदांत सुरू होतात. हळू आवाजातले काही पाठवायचेच असेल तर पहिल्या वाक्यात लिहितो, ‘गाडी खाली झाल्यावर, ढाब्यावर बसून ऐक.’ परवा त्याचे उत्तर आले की तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकले, तेवढ्यात शेवभाजी आली.