खाटा भरलेल्या, गल्ला रिकामा : मध्यम हॉस्पिटल चालवताना या चुका टाळा

१५ खाटांचं हॉस्पिटल डॉक्टरांच्या डोक्यात मावतं. ५० खाटा झाल्या की मावत नाही, पण कारभार मात्र तसाच चालू राहतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या अनेक खासगी हॉस्पिटलांची गाडी इथेच अडते.

पहिली चूक म्हणजे रात्री १२ वाजता भरलेल्या खाटांच्या मोजणीवर विश्वास ठेवणं. ५० खाटा, ३० दिवस म्हणजे १५०० खाट-दिवस. त्यातले १२७५ भरले तर ८५ टक्के. आकडा झकास दिसतो, पण दुपारी २ वाजता कॅज्युअल्टीत पेशंट स्ट्रेचरवरच असतो. कारण सकाळी १० च्या राउंडला डिस्चार्ज लिहिलेला पेशंट ५ वाजता खाली उतरतो. शिवाय वर्षाची सरासरी इथे फारशी कामाची नाही. पावसाळ्यानंतर तापाची गर्दी होते, आणि हर्निया-मोतीबिंदूसारखी थांबू शकणारी ऑपरेशनं कापसाचा पैसा हातात येईपर्यंत लांबतात. आकडे महिन्यानुसार आणि तासानुसार पाहा.

डिस्चार्जचे ७ तास कुठे जातात हे शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. सलग ३० डिस्चार्जच्या फाइलवर या पाच गोष्टी किती वाजता झाल्या ते लिहा: डॉक्टरांनी सांगितलं, समरी (घरी जाताना द्यायचा उपचारांचा गोषवारा) तयार झाली, उरलेली औषधं मेडिकलला परत गेली, बिल किंवा विम्याची मंजुरी झाली, खाट साफ झाली. बोलणी काउंटरवरच्या मुलीला बसतात, पण वेळ बहुतेकदा समरी आणि औषध-परतीत अडकलेला सापडतो. उपाय आदल्या संध्याकाळी करायचा. उद्या कोण जाणार हे ठरवा, समरीचा कच्चा मसुदा करून ठेवा, त्या पेशंटची औषधं रात्रीपुरतीच मागवा. नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-मोलगीकडच्या पेशंटला ४ नंतर सोडलं तर परतीची गाडी मिळण्याची खात्री नसते. नातेवाईक रात्रभर व्हरांड्यात, आणि कधी खाटही अडलेलीच.

सिस्टरांचा हिशोब तर जवळजवळ सगळेच चुकवतात. वॉर्डात पाळीला २ सिस्टर, ३ पाळ्या, म्हणून ६ नेमल्या. पण आठवड्याच्या पाळ्या होतात ४२ आणि एक सिस्टर ६ पाळ्या करते. म्हणजे नुसत्या साप्ताहिक सुट्टीसाठीच ७ लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी ३० टक्के राखीव धरलं की ९. सहांवर वॉर्ड चालवलात तर डबल ड्युट्या लागतात, मग राजीनामे येतात, मग नव्या सिस्टरला जुनीपेक्षा जास्त पगार द्यावा लागतो. तो कळला की जुनीही जाते.

खरा पेच सरकारी आरोग्य योजनेतून मोफत उपचार घेणाऱ्या पेशंटचा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने ही योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत धुळे होता. आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. काही हॉस्पिटलं 'परवडत नाही' म्हणून दार लावतात, काही मोजमाप न करता सगळं घेतात. दोन्ही अंदाजपंचे.

समजा पॅकेज, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेतून मिळणारी ठरलेली रक्कम, २०,००० चं आहे. औषधं, इम्प्लांट, बाहेरून येणाऱ्या सर्जनची फी, जेवण असा त्या पेशंटमुळेच झालेला खर्च १२,५००. उरले ७,५००. पगार आणि भाडं यातून वजा करू नका. खाट रिकामी असती तरी ते द्यायचेच होते. पेशंट ५ दिवस राहिला तर खाटेमागे रोज १,५०० सुटतात. रिकाम्या खाटेपेक्षा हे केव्हाही बरं. पण पैसे उशिरा येतात. या पेशंटांवर महिन्याला ४ लाख खर्च होत असतील आणि क्लेम ३ महिन्यांनी जमा होत असेल, तर १२ लाख कायम बाहेर असतात. म्हणून किती केसेस घ्यायच्या हे खाटा नव्हे, तुमचं खेळतं भांडवल ठरवतं. नंतर पगार थकवून किंवा पेशंटकडून वरचे पैसे मागून ही तूट भरणं अंगाशी येतं; दुसरा मार्ग तर सरळ बेकायदा आहे. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव दाखल करतानाच ताडून पाहा. पाटील-पाटीलच्या घोळात क्लेम अडकतो.

औषधसाठ्यात सरासरी फसवते. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या महिन्याला ४ व्हायल (कुप्या) लागत असतील म्हणून ८ ठेवणं धोक्याचं, कारण एकाच पेशंटला सुरुवातीलाच ८ ते १० लागतात. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात किमान २० हाताशी हव्यात. त्यातल्या काही मुदत संपून वाया जातील. तो तोटा मान्य करूनच साठा ठरवा.

हॉस्पिटलात शिकायला येणाऱ्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट म्हणून 'रुग्ण समाधान सर्वेक्षण' देणं आता थांबवा. ऑपरेशन झालेला माणूस नर्ससमोर 'सगळं चांगलं' असंच म्हणणार. त्याऐवजी वर सांगितलेला डिस्चार्जचा वेळतक्ता त्यांच्याकडून करून घ्या. मॅनेजर नेमला असेल तर त्याला ठरावीक रकमेपर्यंत सहीचा अधिकार लेखी द्या. बल्ब बदलायलाही डॉक्टरसाहेबांना ओटीतून फोनवर घ्यावं लागत असेल, तर तो पगारी निरोप्या आहे.