हर्पीस-सीएमव्हीचा अँटीबॉडी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पंधरा वर्षं लॅबच्या काउंटरमागे बसतोय आणि प्रश्न रोज तोच, "आयजीजी पॉझिटिव्ह आलाय, म्हणजे व्हायरस परत उठलाय ना?" अहो नाही! ओठांवर पुळ्या आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स, कांजिण्यांचा, ईबीव्ही (ग्रंथी सुजवणाऱ्या तापाचा), सीएमव्ही (गरोदरपणात बाळाला त्रास देऊ शकणारा), हे सगळे व्हायरस एकाच हर्पीस खानदानातले, एकदा अंगात शिरले की जन्मभर बिऱ्हाड करून राहतात. आयजीजी (लागणीनंतर शरीर बनवतं ती टिकाऊ अँटीबॉडी) एवढंच सांगतो की कधीतरी गाठ पडली होती. ईबीव्हीचा आयजीजी शंभरातल्या नव्वदाहून जास्त मोठ्या माणसांना पॉझिटिव्ह येतो, आपल्याकडे सीएमव्हीचंही तसंच, निगेटिव्ह आला की उलट मीच दोनदा बघतो.

एक ताई यायच्या, दोन गर्भपात झालेले, टॉर्च टेस्टमध्ये (गर्भाला धोक्याच्या इन्फेक्शनची तपासणी) सीएमव्ही आयजीजी भरपूर आणि रिपोर्टात ठळक अक्षरात छापलेला. कुणीतरी गोळ्या चालू केल्या आणि दर महिन्याला तीच टेस्ट, कधी 180, कधी 210, मग 165, नवरा आकडे वहीत लिहून ठेवायचा जसं काही शुगरच चाललीय, आकडा वाढला की दोघांची तोंडं उतरायची. गोळ्यांनी आयजीजी शून्यावर येत नसतो हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन वेळा मीही गुपचूप पैसे घेऊन सॅम्पल काढलं, ते अजून खटकतं. मग त्यांनी डॉक्टर बदलले, नव्या बाईंनी वही बाजूला ठेवून अँटीफॉस्फोलिपिडची (रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात घडवू शकणाऱ्या अँटीबॉडीची) टेस्ट लिहिली, ती पॉझिटिव्ह, बारा आठवड्यांनी परत केली तरी पॉझिटिव्ह. ट्रीटमेंटची दिशाच बदलली.

आयजीएम (लागणीच्या सुरुवातीला बनणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह म्हणजे ताजं इन्फेक्शन, हेही अर्धंच खरं. तो कित्येक महिने रेंगाळतो, संधिवाताच्या रुमॅटॉइड फॅक्टरमुळे खोटा येतो, ईबीव्हीच्या आजारात सीएमव्हीचाही दिसू शकतो. गरोदरपणात शंका आली तर डॉक्टरांना अ‍ॅव्हिडिटीबद्दल (आयजीजी व्हायरसला किती घट्ट चिकटतो) विचारा, हाय आली तर लागण बहुतेक तीनेक महिन्यांपूर्वीची. हर्पीस सिम्प्लेक्सचा आयजीएम तर करूच नका, पैसे वाया. त्यातल्या टाइप 2 चा (शरीरसंबंधातून पसरणारा) आयजीजी इंडेक्स, म्हणजे रिपोर्टातला आकडा, 3 च्या खाली, जेमतेम पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय घरात भांडणं लावू नका.

दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून "वाढलं" म्हणणारे तर रोजचेच. मशीन वेगळं, किट वेगळं, तुलना कसली? तुलना करायचीच असेल तर मी जुनं सॅम्पल फ्रीझरमध्ये ठेवतो, दोन-तीन आठवड्यांनी नवं घेतो आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच मशीनवर लावतो. टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) चौपट झाला तरच डॉक्टरांना फोन. पण रात्री बारा वाजता स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांना दोन आठवडे कुठे थांबवतंय!

नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल तर आधी सांगा, दुसऱ्याच्या अँटीबॉडी तुमच्या नावावर छापल्या जातात. किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांनी अँटीबॉडीच्या नादी न लागता पीसीआरने (थेट व्हायरस शोधणारी टेस्ट) व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, बघावा. नागीण (कांजिण्यांचाच व्हायरस परत उठून होणारी) बहुतेक वेळा डॉक्टरांना नुसती बघूनच कळते, आणि शंका असलीच तर पाणी भरलेल्या ताज्या फोडाचा स्वॅब पीसीआरला द्या, खपली धरली असेल तर ती खपलीही चालते.