लिस्बनची स्वस्त ट्रिप महाग पडू नये म्हणून या चुका टाळा

नोव्हेंबर लागला, साडेचारलाच अंधार पडायला लागला, की जर्मनीतल्या मराठी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं: लिस्बन, जाऊन-येऊन पन्नास युरो. पाच मिनिटांत चार जण ‘मी पण’ म्हणतात आणि तिकिटं निघतात. शहराची निवड झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिकीट स्वस्त मिळालं की उरलेलं सगळंही स्वस्तातच बसवायचा नाद लागतो आणि तिथेच गणित फिसकटतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच.

कागदपत्रं गृहीत धरू नका

‘शेंगेनमध्ये बॉर्डरच नाही, मग पासपोर्ट कशाला?’ हे वाक्य दर सेमिस्टरला ऐकू येतं. (शेंगेन म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट.) जर्मनीचं वैध रेसिडेन्स परमिट असेल तर पोर्तुगालसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत बाकीच्या शेंगेन देशांत फिरता येतं. पण परमिटचं कार्ड एकटं पुरत नाही, बरोबर मूळ पासपोर्ट लागतो. विद्यापीठाचं आयकार्ड किंवा मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो यावर भागत नाही. शिवाय काही स्वस्त विमान कंपन्या युरोपियन युनियनबाहेरच्या प्रवाशांची कागदपत्रं काउंटरवर वेगळी तपासतात. केबिन बॅगच आहे म्हणून थेट सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहण्याआधी, तुमच्या कंपनीचा त्याबाबतचा नियम वाचून घ्या.

जास्त घोळ होतो तो परमिट रिन्यूअलला टाकलेल्यांचा. आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं ऑफिस, मधल्या काळासाठी फिक्टिऑन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता दाखला देतं, त्यावर जर्मन रहिवास कायद्याच्या कलम 81 च्या कोणत्या पोटकलमासमोर खूण आहे ते बघा. पोटकलम 3 असेल तर त्या कागदावर जर्मनीत परत येता येत नाही. पोटकलम 4 असेल तर येता येतं, पण जुनं कार्ड आणि पासपोर्ट जवळ हवेत. अशा वेळी तिकीट काढायच्या आधी ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. उत्तर यायला तीन आठवडे लागले तर ट्रिप तीन आठवडे पुढे ढकलावी.

इंग्लंडमध्ये शिकणाऱ्यांना यूकेच्या व्हिसावर लिस्बनला जाता येत नाही, त्यांना शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. आयर्लंडवाल्यांचंही तेच.

सरकारी आरोग्य विम्याच्या जर्मन कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन हेल्थ कार्ड छापलेलं असतं. पोर्तुगालच्या सरकारी दवाखान्यात ते चालतं. खासगी विमा असलेल्यांनी मात्र आपली पॉलिसी देशाबाहेर लागू आहे का ते आधीच विचारून ठेवावं.

हॉस्टेल: चढ आणि थंडी मोजली का?

नकाशावर ‘स्टेशनपासून 700 मीटर’ दिसतं. अल्फामा किंवा ग्रासा भागात त्या 700 मीटरमध्ये दोन-अडीचशे पायऱ्या असू शकतात, हे नकाशा सांगत नाही. फुटपाथ म्हणजे चुनखडीचे लहान लहान पांढरे चौकोनी दगड हाताने बसवलेले, वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की ते साबण लावल्यासारखे होतात. आणि लिस्बनचा पावसाळा म्हणजे नेमका नोव्हेंबर-डिसेंबर, ज्या काळात तिकीट स्वस्त असतं. झिजलेल्या तळव्यांचे स्निकर्स घरी ठेवा. चाकांची बॅग या दगडांवर ओढत नेणारा माणूस दोन गल्ल्या आधीच ऐकू येतो, सॅक बरी.

थंडीचंही तेच. बाहेर पंधरा अंश म्हणून जाड कपडे वगळले जातात. पण तिथल्या बऱ्याच जुन्या इमारतींत जर्मनीसारखी हायत्सुंग (खोली गरम ठेवायची व्यवस्था) नसते, भिंती ओलसर असतात आणि रात्री खोलीत हुडहुडी भरते. बुकिंग करताना रिव्ह्यूमध्ये ‘थंड’ हा शब्द शोधा.

वीस युरोच्या बेडवर दर रात्री माणशी चार युरो शहराचा पर्यटक कर लागतो. सप्टेंबर 2024 पासून हा दर आहे आणि बुकिंगच्या रकमेत तो बऱ्याचदा धरलेला नसतो. चेक-इनला वाद घालू नका, तो नियम आहे.

चढ टाळायचे फुकट मार्ग आहेत आणि ते वापरले नाहीत ही खरोखर चूक म्हणावी लागेल. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचे सरकते जिने तुम्हाला खालच्या बायशातून थेट वरच्या शियादूत नेऊन सोडतात. किल्ल्याकडे जायचं असेल तर रुआ दुश फांकैरुश रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. तिथून वर निघालं की थोड्या अंतरावर पिंगू दोस सुपरमार्केट असलेल्या पार्किंगच्या इमारतीत दुसरी. दोन्हींना पैसे पडत नाहीत. लोक मात्र 1902 सालच्या सांता जुस्ता लिफ्टसमोर तासभर उभे राहतात. तिचा सज्जा बघायचाच असेल तर शियादूच्या बाजूने, कार्मू चर्चच्या मागून चालत जाता येतं.

ग्लोरिया फ्युनिक्युलरचे, म्हणजे चढावर केबलने ओढल्या जाणाऱ्या ट्रामचे, फोटो अजून सगळीकडे फिरतात. 3 सप्टेंबर 2025 ला तिचा डबा घसरून 16 जण गेले. त्यानंतर शहरातल्या बाकीच्या फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवल्या होत्या. बेत आखताना कोणती चालू आहे ते त्याच आठवड्यात पाहा, जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

28 नंबरची ट्राम आणि मेट्रोचं कार्ड

पिवळी, लाकडी बाकांची 28 नंबर ट्राम सकाळी अकराला मार्तिम मोनिझला, सुरुवातीच्या थांब्यावर, पकडायला जाणं म्हणजे रांगेत सकाळ घालवून मग विरार लोकलचा अनुभव घेणं. खिसेकापूंचा हा लाडका मार्ग. सॅक पुढे घ्या आणि फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवू नका. हे मुंबईकरांना सांगायची गरज पडू नये, पण सुट्टीवर गेलं की मुंबईकरही सैल होतो. आठच्या आत निघा, किंवा दुसऱ्या टोकाला, काम्पु द औरिक भागातून बसा. नुसता अल्फामाच्या चढ-उतारांचा झोका हवा असेल तर 12 नंबर पुरते.

तिकीट ट्राममध्येच काढलं तर तीन युरोंच्या वर जातात. त्याऐवजी मेट्रोच्या मशीनमधून अर्ध्या युरोचं नावेगांत कार्ड घ्या. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, चौघांत एक चालत नाही. त्यावर ‘झॅपिंग’ म्हणून पैसे टाकले की मेट्रो, बस, ट्राम, कश्काइश-सिन्त्राच्या लोकल आणि नदीपारची फेरी, सगळीकडे तेच चालतं. ‘कार्ड घेतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा एकाच कारणाने येते: झॅपिंगची रक्कम शिल्लक असताना त्याच कार्डावर दिवसाचा पास टाकायला जाणं. एका कार्डावर दोन प्रकार एकत्र राहत नाहीत. आधीची रक्कम संपवा किंवा अर्धा युरो देऊन दुसरं कार्ड घ्या. लोकलमधून उतरतानाही कार्ड टेकवायला विसरू नका.

सूर्यास्ताच्या बोट टूरवर तीस युरो घालवण्याआधी कैश दु सोद्रेहून काशिल्यशची साधी फेरी घ्या. दहा मिनिटांत पलीकडे, 25 एप्रिल पूल समोर आणि मागे सगळं शहर. विद्यार्थ्याच्या खिशाला याहून चांगला सौदा लिस्बनमध्ये मला तरी दिसत नाही.

सिन्त्रा: वेळ कोणत्या दाराची?

लिस्बनजवळच्या सिन्त्रा गावातल्या पेना राजवाड्याच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. ती राजवाड्याच्या आत शिरण्याची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून राजवाड्यापर्यंत चढण आहे आणि अर्धा तास सहज जातो. रोसिऊहून लोकलला चाळीस मिनिटं, स्टेशनबाहेर 434 नंबरच्या बसची रांग, वळणावळणांचा घाट, मग ही चढण. दहाचा स्लॉट घेऊन नऊला लिस्बनहून निघालेले दर वर्षी हळहळताना दिसतात, कारण वेळ चुकली की आत सोडत नाहीत. दहाचा स्लॉट असेल तर साडेसातची गाडी धरा. आणि लिस्बनमध्ये लख्ख ऊन असलं तरी जॅकेट घ्या. सिन्त्राच्या डोंगरावर त्याच वेळी धुकं असू शकतं, भर उन्हाळ्यातही.

स्लॉट हुकलाच तर वर जाऊन भांडण्यात दिवस घालवू नका. किंता दा रेगालैरा ही जुनी हवेली आणि बाग सिन्त्रा स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटं चालत आहे. तिथली जमिनीत खोल उतरणारी गोल जिन्याची विहीर पाहून बहुतेक जण राजवाडा विसरतात.

समुद्र अरबी नाही

मालवण, अलिबाग, गणपतीपुळ्याला पोहलेल्या माणसाला वाटतं, समुद्र आपला ओळखीचा. अटलांटिकचं पाणी इथे जुलै-ऑगस्टमध्येही सतरा ते वीस अंशांच्या आसपास असतं. डोकं पाण्याखाली गेलं की पहिला श्वास आपोआप ओढला जातो, आणि तेव्हाच लाट आली तर पाणी आत जातं. त्यामुळे आधी गुडघाभर पाण्यात दोन मिनिटं उभं राहा. हिरवा झेंडा असेल तर पोहा, पिवळा असेल तर पाण्यात उतरा पण पोहू नका, लाल असेल तर पाण्यापासून लांब. चौकड्यांचा झेंडा म्हणजे लाइफगार्ड तात्पुरता जागेवर नाही. हंगामाबाहेर तर लाइफगार्ड सहसा नसतातच, म्हणजे तुमच्या नोव्हेंबरच्या ट्रिपला किनारा फक्त बघायचा. पाण्याच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा आणि मग किनाऱ्याकडे या.

कार्काव्हेलुश हा कश्काइशच्या लोकलवरचा मोठा किनारा, उतरलं की थोडं चालत. कश्काइशपलीकडचा गिंशु फोटोत शांत दिसतो, पण दुपारनंतर वारा असा सुटतो की वाळू पायांना टोचते. काबु दा रोका, युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, सुमारे 140 मीटर उंच कड्यावर आहे. कठड्याच्या पलीकडे सेल्फीसाठी उभे राहणारे तिथे रोज दिसतात. त्यांना हाक मारायला हरकत नाही, त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायला आहे.

ताटात काय आलं ते बघा

बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या. न मागवलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत.

शाकाहारी मंडळींची फसगत ओळखीच्या आकारामुळे होते. कॅफेच्या काचेत ‘चमूसा’ दिसतो, तो आपल्या गोव्याकडून तिकडे गेलेला समोसाच, पण आत बहुधा बीफ किंवा चिकन असतं. कॅल्दु व्हेर्द या हिरव्या सूपमध्ये वरून सॉसेजची चकती पडते, आणि पाश्तेल द नाता हे गोड टार्ट अंड्याचंच असतं. लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी जेवण मिळतं. ते चालवणारा समाज मूळ गुजराती, बराचसा मोझांबिकमार्गे तिथे आलेला. मार्तिम मोनिझच्या गल्ल्यांत किराणाही मिळतो, मॅगी आणि हिंगासकट.

काही छोट्या दुकानांत ‘फक्त मुल्तिबांकु’ (पोर्तुगालचं स्वतःचं बँक-कार्ड नेटवर्क) अशी पाटी असते, तिथे आपली कार्डं चालत नाहीत, थोडी रोकड ठेवा. ती मुल्तिबांकुच्या एटीएममधूनच काढा. टुरिस्ट गल्ल्यांतली खासगी मशीन्स जादा शुल्क लावतात आणि भारतीय कार्ड दिसलं की ‘रुपयांत रक्कम वळवू का’ विचारतात. उत्तर नेहमी ‘युरो’.

बायशात संध्याकाळी कुणी कानाशी येऊन ‘हशीश’ म्हणालं तर चालत राहा. तिथे विकला जातो तो माल बऱ्याचदा दाबलेली तमालपत्रासारखी पानं असतात, असा त्या धंद्याचा लौकिक आहे.

बेलें सोमवारी नको

सोमवारी बेलें भागातला जेरोनिमुश मठ बंद असतो. ‘रविवारी फुकट’ हेही जुन्या व्हिडिओंतून पसरलेलं. मोफत दिवस आता पोर्तुगालच्या रहिवाशांपुरते आहेत. मठाचं तिकीट परवडत नसेल तर शेजारच्या चर्चची रांग वेगळी असते आणि तिथे तिकीट लागत नाही. वास्को द गामाची कबर त्या चर्चमध्येच आहे. 1498 ला कालिकतला उतरलेला हा माणूस 1524 मध्ये कोचीत वारला आणि नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. जवळच्याच चौकात, उंच खांबावर, 1510 मध्ये गोवा घेणारा आफोंसु द अल्बुकर्क उभा आहे. गोव्याच्या किंवा वसईच्या माणसाने इथे दहा मिनिटं जास्तीची ठेवावीत. बहुतेक जण 1837 पासूनच्या पाश्तैश द बेलें या बेकरीच्या रांगेतच तेवढा वेळ घालवतात. ती बाहेरची रांग पार्सलची असते; आत बसायला मोठमोठी दालनं आहेत आणि तिथे जागा लवकर मिळते.

तरीही बिघडलं तर

पासपोर्ट चोरीला गेला तर आधी रेश्टौरादोरेश चौकातल्या पर्यटक पोलिसांच्या चौकीत रिपोर्ट घ्या, मग भारतीय दूतावासाला फोन. दूतावास देतो ते इमर्जन्सी सर्टिफिकेट भारतात परतण्यासाठी असतं, जर्मनीत परतायला त्याचा उपयोग गृहीत धरू नका. ‘मी जर्मनीत शिकतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि जर्मन दूतावासालाही विचारा. म्हणूनच पासपोर्ट आणि परमिट एकाच पाकिटात ठेवू नयेत.

विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर जर्मनी-लिस्बन अंतराला युरोपियन नियमाने 400 युरोपर्यंत भरपाई मागता येते. पन्नास युरोच्या तिकिटालाही. कंपनीच्या वेबसाइटवरचा फॉर्म स्वतः भरा, मध्यस्थांना कमिशन देऊ नका.

परतीच्या दिवशी दोन गोष्टी. बऱ्याच स्वस्त कंपन्यांची विमानं टर्मिनल 2 वरून सुटतात, आणि मेट्रो येते टर्मिनल 1 ला. मधली शटल बस फुकट आहे, पण तिची वाट पाहणं आणि मग सिक्युरिटी धरून अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवा. आणि पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे असतं. तिकिटावर सुटण्याची वेळ लिस्बनची आणि पोचण्याची जर्मनीची असते. रात्री उतरल्यावर शेवटची रीजनल ट्रेन मिळेल की नाही हे त्या दुसऱ्या वेळेवरून बघा.